डावीकडची जागा

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात.
माझं मुंगीच्या पावलांनी आलं,
तेही भलत्याच दारातून.
मेंढी गुडघ्यांत धरून कातरत होतो,
तिचं डोकं छातीला लागलं
आणि मी, निबाल्दो ओयार्सो,
चाळीस हंगाम, दिवसाला दीडशे मेंढ्यांचा गडी,
आई गं म्हणून ओरडलो.

छाती सुजली होती, दोन्हीकडून,
वयात येणाऱ्या पोरीसारखी.
शेडमधल्या पोरांनी नाव पाडलं. मीही हसलो.
त्या दिवसापासून जाड स्वेटर
डिसेंबरच्या उन्हातही अंगावेगळा केला नाही.

एदेल्मीराचा हात अंधारात फिरता फिरता थांबला.
"किती दिवस?"
"वारा पडला की जाऊ दाखवायला."
पुन्ता आरेनासात वारा कधी पडलाय?
सकाळी तिनेच पिकअप सुरू केली.

डॉक्टर कार्मेलिच, माझ्या पुतणीच्या वयाची.
छाती पाहिली, म्हणाली, पँट उतरवा.
मी म्हटलं, दुखतंय वर.
"दुखतंय वर. त्याचं घर खाली असेल."
डावीकडे अक्रोडाएवढं काहीतरी,
ज्याला मी वर्षभर
वय समजत होतो.

मांडीच्या सांध्यापाशी चीर देऊन अंड काढलं.
मला पटेना, आम्ही कोकरांचं खालूनच करतो.
"कोकरांमागे कॅन्सर पसरायची भीती नसते," ती म्हणाली.
आधी तिने टेबलावर तीन मापं मांडली होती,
सिलिकॉनची, गुळगुळीत. रिकाम्या जागी बसवायला.
एदेल्मीराने मधलं उचललं, हातात तोललं,
परत ठेवलं.
"राहू दे. घरी कोंबड्या आहेत आमच्याकडे."

माझं अंड माझ्याआधी विमानात बसलं.
सान्तियागोला गेलं, बाटलीतून.
तीन आठवड्यांनी कागद आला: लायडिग पेशींची गाठ.
डॉक्टरने फोटो दाखवला,
गुलाबी पेशी आणि त्यांत
काड्यांसारखे बारीक स्फटिक,
गोठलेल्या कुंपणावर सकाळी दिसतात तसे.
"अशा शंभर गाठींत एखाददुसरीच ही.
त्यातल्या दहांत एक वाईट."
"माझी?"
"कुंपणावर बसलीय."

तरुण पोरांच्या गाठी औषधाने विरघळतात,
फुप्फुसात पोचल्या तरी.
हिला औषध फारसं ऐकू जात नाही.
हिच्यासाठी चाकू, नाहीतर नजर.
"पुस्तकात काय लिहिलंय?"
ती जरा थांबली.
"पुस्तकात दीड पान आहे."

दुर्मिळ. हा शब्द मी आजवर
फक्त डोंगरातल्या ह्वेमूल हरणासाठी ऐकला होता.
त्याला बघायला लोक परदेशातून येतात.
मला बघायला सान्तियागोत पाच विद्यार्थी आले,
खाटेभोवती उभे राहिले,
एकाने वहीत काहीतरी लिहिलं. मी विचारलं, काय लिहिलंस?
तो लाजला.

पोट उघडलं, पाठीच्या कण्यापुढच्या
लसीकागाठी वेचल्या. बत्तीस.
मेंढ्या फाटकातून मोजतात तशा मोजल्या असतील,
एकेकीवर बोट ठेवून.
एकतीस स्वच्छ.
एका गाठीबद्दल
दोन डॉक्टरांचं अजून जमत नाही.

आता दर तीन महिन्यांनी रक्त आणि स्कॅन.
कार्ड फ्रिजवर, चुंबकाखाली.
छाती उतरलीय. स्वेटर मात्र तोच.

ऑक्टोबरात कोकरांच्या कानांना खुणा करायचा दिवस आला.
येर्कोने रबरी कड्यांचं हत्यार पुढे केलं,
मग काही आठवून मागे घेतलं.
"आण इकडे," मी म्हटलं.
पहिलं कोकरू पोटाशी धरलं,
टाक्यांच्या वळावर त्याचे खूर,
उरात धडधड, त्याची की माझी.
वारा होताच.
कडं ताणलं आणि नेहमीपेक्षा
किंचित जास्त वेळ
ताणलेलं धरून ठेवलं.
येर्को म्हणाला, काका, रांग आहे मागे.